रेखाटनवहीचा कैवार

प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाच्या हातातली पेन्सिल जाऊन तिच्या जागी कॅमेरा आला, आणि कॅमेऱ्याच्या जागी आता मोबाइल आला, ही घटना शास्त्राच्या प्रगतीचे निर्विवाद लक्षण म्हणून सर्वत्र स्वीकारली गेली असताना तिच्याविरुद्ध कैफियत मांडू पाहणारा माणूस कालबाह्य ठरण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. तथापि ज्या शास्त्राचा सारा इमला प्रत्यक्ष अवलोकनावर उभा आहे, त्या शास्त्राने अवलोकनाचे सर्वांत स्वस्त, सर्वांत जुने आणि माझ्या मते आजही सर्वांत भरवशाचे साधन कोणताही विचारविनिमय न करता अडगळीत टाकावे, ही गोष्ट मुकाट्याने मान्य करण्यास मन धजत नाही. या साधनाच्या बाजूने साक्षीदार उभा करावयाचा तर तो मी दक्षिण ध्रुवाच्या मुलखातून आणीन. कारण जेथे कुंचल्यावरचे पाणी कागदाला लागण्यापूर्वीच गोठते आणि उघड्या हाताची बोटे काही क्षणांत बधिर होतात, तेथेही पेंग्विनचा शास्त्रीय अभ्यास ज्यांनी पायाशुद्ध केला त्यांच्यातील अग्रणी पुरुषाच्या खिशात वही आणि पेन्सिल होती.

एडवर्ड एड्रियन विल्सन यांचे नाव आपल्याकडे कोणाच्या कानावर असलेच, तर ते कॅप्टन स्कॉट यांच्यासमवेत दक्षिण ध्रुवाहून परतताना 1912 साली मृत्यू पावलेल्या चौघा सोबत्यांपैकी एक म्हणून. मरणाच्या या भव्य कथेने त्यांच्या जन्मभराच्या कामावर जो पडदा टाकला, तो अन्यायाचाच म्हटला पाहिजे. चेल्टनहॅम येथे 1872 साली जन्मलेले हे गृहस्थ केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, लंडनला वैद्यकी शिकले, बॅटरसीच्या गरीब वस्तीत सेवाकार्य करीत असताना क्षयाने ग्रासले गेले, आणि त्यातून उठून 1901 साली स्कॉट यांच्याच पहिल्या मोहिमेच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर दुय्यम डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार अशा तिहेरी नेमणुकीवर रुजू झाले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. लहानपणापासून रानात हिंडावे आणि जे दिसेल ते काढावे, एवढीच त्यांची शाळा. आणि इंग्रज कलासमीक्षक रस्किनच्या लेखनातून उचललेला एक दंडक, की जे डोळ्यांपुढे आहे ते प्रथम खरे काढावे, सुंदर होण्याची चिंता मागाहून करावी.

त्यांच्या कामाचा शिरस्ता समजून घेण्याजोगा आहे. बर्फावर रंगाचे काम अशक्य, म्हणून तेथे फक्त पेन्सिल. हातमोजा क्षणभर काढावयाचा, चारदोन रेषा ओढावयाच्या, बोटे निर्जीव होऊ लागली की हात पुन्हा मोज्यात घालून त्यांत ऊब येईपर्यंत थांबावयाचे, आणि पुन्हा तोच क्रम. आकृतीच्या कडेने रंगांचे तपशील शब्दांत लिहून ठेवावयाचे: येथे फिका पिवळा, येथे जांभळट करडा, येथे सावली निळी की हिरवट. मग मुक्कामावर परतल्यानंतर, ध्रुवीय रात्रीच्या दीर्घ महिन्यांत दिव्याच्या प्रकाशात बसून, त्या शेऱ्यांवरून जलरंगातले चित्र सिद्ध करावयाचे. म्हणजे चित्र हातावेगळे होण्यापूर्वी त्याचा मजकूर वहीच्या कागदावर नोंदला गेलेला असे, आणि ज्या रंगाची नोंद नाही तो रंग पुढे कल्पनेने भरण्याचा मोह टाळण्याची शिस्त पाळावी लागे. या शिस्तीची किंमत त्यांनी डोळ्यांनी मोजली. बर्फावरच्या प्रखर उजेडात काळा चष्मा लावून बारीक रेषा दिसत नाही, आणि चष्मा काढला तर हिमांधत्व येते. 1902 च्या डिसेंबरात स्कॉट व शॅकल्टन यांच्याबरोबर दक्षिणेकडे जाताना पर्वतरांगांची रेखाटने करण्याच्या नादात त्यांचे डोळे असे काही बिघडले की, डोळ्यांवर पट्टी बांधून घसरगाडी ओढण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि समोर कोणते पर्वत उगवत आहेत याचे वर्णन स्कॉट यांनी चालता चालता त्यांना ऐकवावे, अशी वेळ आली. कलेसाठी डोळे गमावण्याच्या गोष्टी काव्यात शोभतात. परंतु येथे प्रश्न नकाशाला उपयोगी पडणाऱ्या रेषेचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेडाचे मोल निराळेच भासते.

आता पेंग्विन काढावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, ते थोडे जवळून पाहू. चित्रकाराच्या दृष्टीने हा पक्षी एका बाबतीत मोठा सोयीचा आहे. जमिनीवर त्याला शिकारी श्वापद ठाऊक नसल्यामुळे माणसाला पाहून तो पळत नाही. उलट कित्येकदा मान वाकडी करून चौकशीला जवळ येतो. (आज त्याच्यापासून पाच मीटर दूर राहण्याचा दंडक आहे; तो दंडक माणसासाठी आहे, पक्ष्याला त्याची वार्ता नाही.) परंतु एकाच जागी उभा असलेला हा पक्षी स्थिर मात्र कधीच नसतो. पेन्सिलीने पाठीची वळणदार रेषा ओढून होते न होते तोच तो वाकतो, शेजाऱ्यावर चोच उगारतो, किंवा पाठ फिरवून चालू लागतो. तेव्हा ती आकृती तशीच अर्धी सोडून शेजारी दुसरी सुरू करावी, तीही अर्धी राहिली की तिसरी; आणि पान अशा अपुऱ्या पक्ष्यांनी भरत आले की ध्यानात येते, की पहिल्या आकृतीतला पवित्रा पुन्हा समोर आला आहे. मग ती पुरी करावी. अ‍ॅडेली जातीचा नर मान ताठ करून चोच आभाळाकडे रोखतो, पंख पुढेमागे हलवतो, छातीतून घुमल्यासारखा आवाज काढतो. हा प्रकार एकदा पाहणाऱ्याला तो एक विनोद वाटेल, छायाचित्रात तो एक सुरेख क्षण वाटेल, परंतु ज्याच्या पानावर तीच मान, तोच कोन, तेच पंख पुनःपुन्हा अवतरले त्याला हा एक ठरलेला विधी आहे हे कोणी सांगावे लागत नाही. प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र ज्या पुनरावृत्तीवर उभे आहे, तिची ओळख येथे हाताला आधी पटते आणि बुद्धीला मागाहून.

याच बैठकीत बारीकसारीक गोष्टीही उमगतात. अ‍ॅडेलीच्या काळ्या डोक्यात डोळ्याभोवती जे पांढरे कडे असते, ते चुकले तर पक्षीच बदलतो. त्याची चोच आखूड दिसते, ती वस्तुतः आखूड नसते. तिचा बराचसा भाग पिसांनी झाकलेला असतो, आणि थंडीच्या मुलखात उघड्या चोचीतून उष्णता वाया जाऊ नये या व्यवस्थेचा तो एक भाग आहे. एम्परर पेंग्विनच्या मानेवरचा पिवळा डाग छातीकडे उतरताना कोठे संपतो, हे रेषेने दाखवताच येत नाही, कारण तो संपत नाही, विरतो. कडक थंडीत हा पक्षी तळवे बर्फावरून उचलून टाचांवर आणि ताठ शेपटीच्या टोकावर तोल सांभाळतो; ही गोष्ट पायाकडे दुर्लक्ष करून चेहरा टिपणाऱ्या छायाचित्रकाराच्या नजरेतून सहज निसटेल, पण उभ्या आकृतीचा तोल कागदावर सांभाळू पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटणे कठीण, कारण शेपूट विसरली तर त्याचा पक्षी पाठीवर पडतो.

आता एम्परर पेंग्विनच्या त्या प्रसिद्ध प्रकरणाकडे वळू. हा पक्षी कोठे आणि केव्हा वीण करतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोणालाच माहीत नव्हते. 1902 च्या ऑक्टोबरात ‘डिस्कव्हरी’वरील रेजिनाल्ड स्केल्टन यांना रॉस बेटाच्या पूर्व टोकाला, केप क्रोझियरच्या कड्याखालील समुद्रबर्फावर, त्याची वसाहत प्रथम दिसली. पुढच्या वर्षी वसंताच्या तोंडाशीच, सप्टेंबरात, विल्सन तेथे मोठ्या आशेने गेले, की आता अंडी मिळतील; पाहतात तो पिल्ले बाहेर येऊनही काही काळ लोटलेला. यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते त्या काळी अविश्वसनीय वाटावे असे होते: हा पक्षी ध्रुवीय हिवाळ्याच्या गाभ्यात, अखंड अंधारात, उघड्या बर्फावर अंडी घालतो. आज आपण जाणतो, की मे-जूनमध्ये मादी एकच अंडे घालून समुद्राकडे निघून जाते आणि नर ते अंडे पायांवर घेऊन, पोटाच्या घडीखाली झाकून, सुमारे दोन महिने उपाशी उभा राहतो. विल्सन यांचा पक्ष्यांवरील अहवाल, त्यांच्याच चित्रांसह, 1907 साली छापला गेला. पिल्लांवर हक्क सांगणाऱ्या प्रौढ पक्ष्यांच्या झोंबाझोंबीत पिल्लेच कशी चिरडली जातात, आणि त्या जबरदस्तीच्या मायेपासून सुटण्यासाठी ती बर्फाच्या भेगांत कशी दडून बसतात, याची त्यातली हकीकत ज्याने प्रत्यक्ष पाहिली नाही त्याला सुचणारच नाही.

परंतु गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेतले अंडे हाती आले नव्हते, आणि विल्सन यांना तसे अंडे हवे होते ते एका सिद्धान्तासाठी. जीव गर्भावस्थेत आपल्या पूर्वजांचा सारा इतिहास क्रमाने पुन्हा जगतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यांचे मत त्या काळी वजनदार होते; पेंग्विन हा अत्यंत आदिम पक्षी आहे, अशीही समजूत होती; तेव्हा त्याच्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्याच्या खवल्यांपासून पिसांकडे जाणारी पायरी सापडेल, असा तर्क. या तर्कासाठी, स्कॉट यांच्या दुसऱ्या मोहिमेत, 27 जून 1911 रोजी विल्सन आणि त्यांचे सोबती बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे केप इव्हान्सहून भर हिवाळ्यात निघाले. एका बाजूचे अंतर सुमारे 110 किलोमीटर, घसरगाड्या हाताने ओढावयाच्या, भर दुपारी काळोख, आणि पारा उणे 60 अंशांपर्यंत उतरलेला. कड्याजवळ दगड रचून केलेल्या झोपडीचे छप्पर वादळाने फाडून नेले, तंबू उडून गेला, तो सुदैवाने उताराच्या तळाशी पुन्हा सापडला. वसाहतीत जेमतेम शंभर पक्षी होते. पाच अंडी घेतली, त्यांतली दोन वाटेत फुटली, तीन घेऊन 1 ऑगस्टला मंडळी परतली. पुढे 1913 साली चेरी-गॅरार्ड यांनी ती लंडनच्या संग्रहालयात नेऊन दिली तेव्हा तेथील कारकुनी बेपर्वाईने त्यांची जी संभावना झाली, तिचे कडवट वर्णन त्यांच्या 1922 च्या प्रवासग्रंथात आहे. अंडी एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरली, आणि 1934 साली अखेरचा निवाडा असा आला, की त्या गर्भांनी पेंग्विनाविषयीच्या ज्ञानात म्हणण्यासारखी भर पडत नाही. हेकेल यांचा सिद्धान्तही तोवर मोडीत निघाला होता.

ही सारी हकीकत मानवी धैर्याची गाथा म्हणून सांगण्याची रीत आहे, आणि त्या धैर्यापुढे मान लववावी हे खरेच. पण मला तिच्यात दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्या सिद्धान्तासाठी तीन माणसांनी जिवावर उदार व्हावे, तो सिद्धान्त वीस-पंचवीस वर्षांत निकामी ठरतो. आणि ज्या नोंदी व रेखाटने कोणताही सिद्धान्त मनात न धरता, केवळ समोर आहे ते उतरवावे म्हणून केली गेली, ती शंभर वर्षांनंतरही दफ्तरात प्रमाण मानली जातात. मृत्यूच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी 1912 मध्ये, बिअर्डमोर हिमनदीच्या काठी विल्सन यांनी दगडांवरचे पानांचे ठसे पाहून पानांचा आकार व शिरांची रचना बीच वृक्षाच्या पानांसारखी असल्याचे रोजनिशीत टिपले. बीचचा तर्क चूक होता. पण सुमारे सोळा किलो दगड त्यांनी अखेरपर्यंत गाडीवर वाहिले, आणि केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ सीवर्ड यांनी मागाहून ठरवले की हे ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचे पान आहे. हेच पान एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप या मिशनरी भूशास्त्रज्ञाने नागपूरच्या परिसरातील खडकांतून गोळा केले होते, आणि कामठीच्या खडकांत ते आजही मिळते. विदर्भ आणि अंटार्क्टिका एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते, याच्या पुराव्यात त्या गाडीवरच्या दगडांचीही जमा आहे.

स्कॉट यांच्या याच दुसऱ्या मोहिमेतील आणखी एक डॉक्टर जॉर्ज मरे लेव्हिक यांची साक्ष माझ्या पक्षाला थोडी अडचणीची आहे, म्हणूनच ती टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लेव्हिक चित्रकार नव्हते. ते कॅमेरा वापरीत, आणि चांगला वापरीत. केप अडेअर येथील अ‍ॅडेलींच्या अवाढव्य वसाहतीत त्यांनी 1911-12 चा संपूर्ण विणीचा हंगाम पाहिला, आणि त्यावर 1914 साली ग्रंथ लिहिला. हे पक्षी घरट्यासाठी खडे जमवतात आणि शेजाऱ्याचे खडे बिनदिक्कत चोरतात. ही चोरी किती दूरवर चालते याची खातरजमा करण्यासाठी लेव्हिक यांनी काही खडे तांबड्या रंगाने रंगवून वसाहतीच्या कडेला ठेवले. थोड्याच अवधीत ते तांबडे खडे एका घरट्यातून दुसऱ्यात असे हस्तांतरित होत आतवर पोहोचलेले दिसले. इतक्या साध्या, बिनखर्ची आणि निर्णायक प्रयोगाचे मला फार कौतुक वाटते. तेव्हा माझे म्हणणे कॅमेऱ्याशी वैर धरण्याचे नाही. लेव्हिक यांच्या कामाचे बळ त्यांच्या रोजच्या टिपणवहीत आहे, आणि ती वही पेन्सिलीचीच सख्खी बहीण.

त्या वहीत काही पानांवर मजकूर ग्रीक लिपीत आहे. तरुण नरांचे मृत मादीशी, पिल्लांशी, अन्य नरांशी चाललेले व्यवहार पाहून हा एडवर्डकालीन सद्गृहस्थ हादरला, आणि सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडू नये म्हणून त्याने तपशील परक्या लिपीच्या बुरख्याआड ठेवला. अधिकृत अहवालातून तो भाग वगळला गेला. त्याच्या शंभर प्रती ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असा शेरा मारून खासगीत छापल्या गेल्या. त्यांतली एक सापडून 2012 साली तो मजकूर एका शास्त्रीय नियतकालिकात प्रकट झाला. लेव्हिक यांनी या वर्तनाला नीतिभ्रष्टतेचा दोष दिला. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात की अननुभवी तरुण पक्षी मादीच्या पवित्र्याविषयी गफलत करतात, त्यात नीती-अनीतीचा संबंध नाही. येथेही तोच न्याय: निवाडा गळून पडला, नोंद उरली. बर्फावर उभे असताना त्यांच्या डोळ्याने काही लपवले नाही. लपवालपवी झाली ती कचेरीच्या मेजावर.

आता आधुनिक साधनांविषयी. एम्परर पेंग्विनांच्या वसाहती त्यांच्या विष्ठेच्या डागांवरून उपग्रहाने शोधता येतात, हे 2009 साली दाखवले गेले, आणि 2012 च्या गणनेत 46 वसाहतींतून सुमारे 5 लाख 95 हजार पक्षी मोजले गेले. ही संख्या पूर्वीच्या अंदाजांच्या जवळजवळ दुप्पट होती. 2022 साली बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ अकाली फुटले आणि पाचांपैकी चार वसाहतींची वीण संपूर्ण वाया गेली, ही भयंकर वार्ताही आपल्याला उपग्रहानेच दिली. पेन्सिलीच्या भरवशावर बसलो असतो तर ती कळलीच नसती, हे मी बिनशर्त कबूल करतो. परंतु साधन जसजसे प्राण्याच्या अंगाशी येऊ लागते तसतसा एक वेगळाच घोटाळा सुरू होतो. कित्येक दशके पेंग्विनांच्या पंखाला धातूचे पट्टे अडकवून त्यांचा माग ठेवण्याची पद्धत रूढ होती. क्रोझे बेटांवरील किंग पेंग्विनांपैकी निम्म्यांना पट्टे घालून आणि निम्म्यांना न घालता दहा वर्षे पाहिले गेले तेव्हा, 2011 साली, निष्कर्ष निघाला, की पट्टेवाल्यांना पिल्ले 39 टक्के कमी झाली आणि त्यांचे जगण्याचे प्रमाणही 16 टक्क्यांनी घटले. पोहताना पट्ट्याचा अडथळा होतो, हे कारण. म्हणजे हवामानबदलाचा पेंग्विनांवर काय परिणाम होतो हे जे अभ्यास सांगत होते, त्यांत पट्ट्याचा परिणाम किती मिसळला होता, हा प्रश्न आता उभा राहतो. पेन्सिलीमुळे आजवर एकाही पेंग्विनचे पिल्लू दगावल्याची नोंद नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो परिसरात शाळांतून शेतीचे विषय शिकवीत हिंडणारे रिचडेल नावाचे एक शिक्षक 1936 पासून सुमारे अठरा वर्षे पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनांच्या घरट्यांशी नेमाने हजेरी लावत राहिले, आणि त्यांनी जो ग्रंथ सिद्ध केला तो आजही अभ्यासकांच्या मेजावर असतो. आपल्याकडे सलीम अलींनी 1930 साली अलिबागजवळच्या किहीम येथे शिडीवर बसून सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे जे निरीक्षण केले, आणि नर एकामागून एक घरटी बांधून एकामागून एक माद्यांशी संसार थाटतो हे जे दाखवून दिले, त्याला तरी यंत्रसामग्री कोणती होती? वही, पेन्सिल, आणि उन्हात बसण्याची तयारी.

ही परंपरा आपल्या घरचीच असताना प्राणिशास्त्राच्या शिक्षणात चित्राचे आपण काय केले, ते पाहिले म्हणजे खिन्नता येते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात जाऊन प्रॅक्टिकलची जर्नले उघडा. हजारो जर्नलांतला बेडूक एकाच बाजूला तोंड करून बसलेला असतो, कारण तो बेडकावरून काढलेला नसतो. तो मागच्या वर्षीच्या जर्नलावरून, आणि मागच्या वर्षीचा त्याच्या मागच्यावरून, आणि मूळ पुरुष म्हणजे पुस्तकातली आकृती. परीक्षक म्हणून बसलो असताना असे जर्नल पाहिले आहे, की त्यात एका अवयवाचे नाव चुकीच्या बाणापुढे लिहिलेले आढळले, आणि तीच चूक त्या वर्गातल्या बहुतेक सर्व वह्यांत त्याच बाणापुढे होती. विभागप्रमुखांची सही मात्र सर्वांवर. चित्र काढण्याची सक्ती आपण ठेवली, आणि पाहण्याची काढून टाकली. विल्सन यांनी जे साधन आपल्या डोळ्यावर पहारा ठेवण्यासाठी वापरले, तेच आपण डोळे मिटण्याची सोय म्हणून राबवले. विच्छेदनाला आता बंदी आली आहे, ती योग्यच. पण त्यामुळे मोकळा झालेला वेळ जिवंत प्राण्यापुढे बसण्यात जावा, अशी तजवीज फारशी कोठे झालेली ऐकिवात नाही.

मुंबईच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, 2016 साली दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि 2017 पासून ते लोकांना पाहण्यास खुले झाले. ते आणावे की नाही, त्यावर खर्च किती व्हावा, यावर पुष्कळ रणे माजली. मी त्यांत पडत नाही, जरी उष्ण कटिबंधातल्या शहरात पोहणाऱ्या पक्ष्याला काचेआड ठेवण्याचा हा हट्ट मला मनापासून पसंत नाही. पण पक्षी आलेले आहेत. काचेपुढे गर्दी असते, हात उंचावलेले असतात, आणि पक्ष्यांकडे पाठ करून त्या हातांतल्या यंत्रांनी माणसे स्वतःचेच छायाचित्र घेतात. त्यांतल्या एखाद्या मुलाला कोणी सांगितले, की याची चोच काढ, तर अर्ध्या घटकेत त्याच्या ध्यानात येईल की चोचीच्या मुळाशी पिसे नाहीत, उघडी गुलाबी कातडी आहे. मग तो विचारील, की बर्फात राहणाऱ्याला ही उघडी कातडी कशाला? आणि मग त्याला सांगता येईल की हा पक्षी बर्फातला नव्हेच. पेरू आणि चिलीच्या रुक्ष, तापलेल्या किनाऱ्यावरचा आहे, आणि अंगातली जादा उष्णता तो त्या उघड्या कातडीतून बाहेर टाकतो. अ‍ॅडेलीची पिसांनी झाकलेली चोच आणि हम्बोल्टचा हा उघडा गुलाबी भाग, हे दोन कागद शेजारी ठेवले की हवामान आणि शरीररचना यांच्या संबंधावरचा एक उत्तम पाठ तयार होतो. त्यासाठी मुलाला अंटार्क्टिकाला नेण्याची आवश्यकता नाही.

अंटार्क्टिकाला जाण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून एक गोष्ट नमूद करतो. भारताची पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. तिच्या परंपरेचा कारभार आज वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे, ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन स्थानके अंटार्क्टिकावर उभी आहेत. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांनी आपल्या मोहिमांतून वेळोवेळी चित्रकार नेले आहेत. आपल्या पथकातही अशी एक जागा नियमाने राखली जावी, आणि ती शोभेसाठी नसून शास्त्रज्ञांच्या बरोबरीने नोंदी करण्यासाठी असावी.

विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र अभ्यास मंडळांना माझी विनंती याहून लहान आहे. जर्नलातली एक आकृती, फक्त एकच, जिवंत प्राण्यावरून प्रत्यक्ष जागेवर काढलेली असावी. तिच्याखाली स्थळ, दिवस, वेळ व हवामान लिहिलेले असावे, जो भाग दिसला नाही तो कोरा सोडलेला असावा, आणि गुण देताना रेषेच्या देखणेपणाऐवजी त्या कोऱ्या जागेचा मान राखला जावा. प्राणी पेंग्विन असण्याची गरज नाही. कॉलेजच्या आवारातली साळुंकी पुरेशी आहे. याला अनुदान लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, आणि साध्या वहीची किंमत कोणत्याही विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते. येत्या जूनपासून हे सुरू करता येईल.